संगीताची पदवी आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या सभागृहात मी पुष्कळदा उभी राहिले आहे, परंतु ती चहाचे तबक घेऊन. बोलण्यासाठी उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय विद्यापीठाचा! घरी हे सांगितले तेव्हा आमच्याकडे थोडी हसाहशी झाली. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या सूनबाई गाण्यात एम.ए. करताहेत. तुम्ही रोज जे पाहता तेच सांगा." तेव्हा जे पाहिले, विचारून घेतले आणि तिच्या वह्या चाळून समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते. भाषण म्हणून ते गोड मानून घ्यावे.

हा विषय निघाला त्याला कारण आहे. आपल्याच आळीतल्या दोन-तीन घरांत मुली बारावीला आहेत आणि पुढे गाणे घ्यावे असे त्यांच्या मनात आहे. अशा वेळी घरात दोन तऱ्हेची मते पडतात. एक मत असे की, "गाणेच ना? मग सोपे! जिला दुसरे काही जमत नाही तिने ते घ्यावे." दुसरे मत असे की, "गाण्याने का कुठे पोट भरते?" या दोन्ही मतांच्या माणसांनी त्या मुलीला काय काय करावे लागते हे पाहिलेले नसते. ते आज पाहू.

आपण मिरजेची माणसे. तंबोरे आणि सतारी आपल्या गल्लीत तयार होतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे हातगाडीवरून जाताना आपण लहानपणापासून पाहिले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले, येथेच विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांची पुण्यतिथी दर्ग्यात साजरी होते तेव्हा निंबाच्या झाडाखाली बसून आपण गाणे ऐकतो. म्हणजे ऐकण्याची सवय आपल्याला आहे. शिकणाऱ्याचे कष्ट मात्र भिंतीआड राहतात.

पूर्वी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे. पाणी भरावे, लाकडे फोडावीत, आणि गुरूच्या मनात आले म्हणजे शिकावे. शिष्य तयार झाला की नाही हे गुरूच ठरवीत. मुलींना तर तेही दार बंद. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली संगीताची शाळा काढली. पुढे विष्णु दिगंबरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, तेव्हा वर्ग, वेळापत्रक, पुस्तक आणि परीक्षा अशी घडी बसली. त्याच सुमारास भातखंडे यांनी गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या लिहून काढल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. विष्णु दिगंबर 1931 साली वारले. त्याच साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याचे कार्यालय आपल्या ब्राह्मणपुरीत आहे, हे येथील पुष्कळ बायांना ठाऊक असेल. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्याच्या परीक्षा आहेत. आपल्या मुली फ्रॉक घालून ज्या परीक्षेला जातात ती प्रारंभिक.

विद्यापीठाची पदवी याहून निराळी. बी.ए.ला जायचे तर बारावी झालेली असावी लागते. एम.ए.ला संगीत घेऊन बी.ए. झालेली मुलगी जाते. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी आणि त्याबरोबर विशारद एवढे असले तरी चालते. आमची सूनबाई बी.कॉम. आणि विशारद, म्हणून तिला वाट मिळाली. परंतु कागद पुरे असले म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही. आधी गाऊन दाखवावे लागते. समोर परीक्षक, बाजूला तबला आणि पेटी, आणि हाती दहा-पंधरा मिनिटे. आपल्या पसंतीचा एक राग म्हणायचा. मग ते मधेच थांबवून विचारतात, "याच थाटातला दुसरा राग कोणता? तो गा. या तालाची टाळी दाखवा." इथे पाठ केलेले लगेच उघडे पडते.

आता आत गेल्यावर काय काय असते ते सांगते. विद्यापीठागणिक थोडा फरक असतो, पण घडण सगळीकडे साधारण सारखीच. दोन भाग असतात : क्रियात्मक आणि शास्त्र.

क्रियात्मक म्हणजे प्रत्यक्ष गाणे. दर सत्राला ठराविक रागांची यादी असते. त्यांतले काही राग पुरे गायचे असतात. म्हणजे आधी संथ लयीतला बडा ख्याल, मग जलद लयीतला छोटा ख्याल, आणि मध्ये आलाप, बोलआलाप, ताना हे सगळे स्वतःच्या बुद्धीने. चीज गुरू शिकवतात. आलाप मात्र जिचे तिला सुचावे लागतात. उरलेल्या रागांत छोटा ख्याल असला तरी चालतो. त्याखेरीज धृपद किंवा धमार, तराणा, आणि ठुमरी, भजन, नाट्यगीत अशातले काही.

राग ओळखणे ही आणखी एक कसोटी. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पाच. भूप संध्याकाळचा, त्यात गंधार मोठा. देशकार सकाळचा, त्यात धैवत मोठा. परीक्षक दोन-चार स्वर गुणगुणतात आणि विचारतात, "हे काय?" सूनबाईने मला हे समजावले तेव्हा मी म्हटले, "एकाच डाळीचे वरण निराळे आणि आमटी निराळी, तसेच ना?" ती म्हणाली, "आई, अगदी तसेच. पण चव न घेता, नुसत्या वासावरून सांगायचे."

तालाचे तर विचारूच नका. आपण टाळ्या वाजवतो ती गोष्ट वेगळी. एकताल बारा मात्रांचा आणि चौतालही बारा मात्रांचा, पण एक ख्यालाचा तर दुसरा धृपदाचा. बोल वेगळे, वजन वेगळे. धमार, झुमरा आणि आडा चौताल हे तिन्ही चौदा मात्रांचे, पण तिघांचे तुकडे निराळे. धमाराचे पाच, दोन, तीन, चार. झुमऱ्याचे तीन, चार, तीन, चार. आडा चौतालाचे दोन-दोनचे सात. हातावर टाळी धरून तोंडाने बोल म्हणायचे, मग तेच दुपटीने आणि चौपटीने, आणि हाताची गती मात्र तीच ठेवायची. आपण एका हाताने कणीक मळतो आणि दुसऱ्याने दूध ढवळतो, तरी हे करून पाहा. मी पाहिले आहे. तिसऱ्या टाळीला हात आणि तोंड वेगवेगळ्या गावी जातात.

तंबोरा स्वतः लावता आला पाहिजे. हल्ली मोबाइलमध्ये तंबोरा असतो आणि रियाझाला तो पुष्कळ सोयीचा आहे. परंतु परीक्षेत खरा तंबोरा पुढे ठेवतात. पहिली तार पंचमाला लावायची, पण मालकंसासारख्या रागात पंचमच नाही, मग ती मध्यमाला उतरवायची. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढायची. हे मिरजेच्या सुनेला आले नाही तर आपल्या गावाचीच लाज! आमच्या सूनबाईने ते तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात चार दुपारी बसून शिकून घेतले.

दुसरा भाग शास्त्राचा, म्हणजे लेखी. भरताचे नाट्यशास्त्र, बावीस श्रुती, घराण्यांचा इतिहास, थोर गायकांची चरित्रे, रागांची तुलना. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस, म्हणजे आपल्या दौलताबादेस लिहिला गेला, हे मला तिच्याच वहीतून कळले. गाणे लिहून काढण्याच्या दोन लिप्या आहेत, भातखंडे यांची आणि पलुसकरांची. दोन्ही याव्या लागतात, आणि त्यात मोठी गंमत आहे. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो वरच्या सप्तकातला. पलुसकरांच्या लिपीत तेच टिंब डोक्यावर दिले की तो खालच्या सप्तकातला! चूक झाली की चीज वरची खाली जाते. जिला अभ्यास नको म्हणून गाणे हवे, तिने हे ध्यानात घ्यावे.

आणि शेवटी मंचप्रदर्शन. एम.ए.ला साधारण अर्धा तास तरी सर्वांसमोर बसून गावे लागते. परीक्षक येतात, त्यांत एक बाहेरगावचे असतात. स्वर, लय, रागाची शुद्धता, मांडणी, साथीदारांशी जुळणी, बसण्याची रीत, सगळ्याकडे ते पाहतात. समेवर येणे चुकले तर आपल्यासारख्या बाईलाही कळते. संथ एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे, कधी त्याहून मोठे. तेवढा वेळ मनात हिशेब ठेवून, वर आलाप करून, नेमक्या जागी उतरायचे. गेल्या वर्षी मी भाजी चिरताना तिच्याबरोबर मात्रा मोजायला लागले. आता सम चुकली की माझी विळी थांबते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती आहे तासांची.

2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सगळा अभ्यास श्रेयांकांत मोजतात. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला सत्रात 120 तास. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला आठ तास. आता घरचा रियाझ घ्या. रोज दोन तास, म्हणजे आठवड्याला चौदा आणि पंधरा आठवड्यांत 210. माझे गणित सातवीचेच आहे, पण एवढे मला कळते की विद्यापीठ जेवढे तास देते त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट तास घराने द्यायचे असतात. हे दुसरे तास वेळापत्रकात छापलेले नसतात. ते आपल्या हातात असतात, बायांनो. ते देणे किंवा न देणे हे आपल्या ओट्यापाशी ठरते.

हजेरीचे तसेच. बहुतेक विद्यापीठांत 75 टक्के हजेरी लागते. आठवड्याला पाच दिवस धरले तर सत्रात 75 दिवस, त्यांपैकी 57 दिवस हजर राहायलाच हवे. उरले अठरा. आणि पहिले सत्र कोणत्या दिवसांत येते? आषाढापासून दिवाळीपर्यंत! मंगळागौर, नागपंचमी, गौरी-गणपती, महालय, नवरात्र, सगळे त्यातच. घरची सून म्हणून प्रत्येक ठिकाणी ती हवी असे म्हटले तर अठरा दिवस श्रावणातच संपतात. आम्ही आषाढात दिनदर्शिका घेऊन बसलो आणि कोणत्या कार्याला ती जाईल व कोणत्या कार्याला मी एकटी जाईन ते लिहून काढले. काही नातेवाइकांना ते रुचले नाही. "सुनेला मिरवायला आणले नाही का?" असेही एका कार्यात ऐकले. मी म्हटले, "मिरवू की, व्यासपीठावर!"

गळ्याची गोष्ट त्याहून नाजूक. गौरीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरले होते. जो येईल तो म्हणे, "सूनबाई गातात ना? मग एक अभंग होऊ दे." जागरण, फोडणीचा खाट, थंडगार सरबत आणि भरीला फर्माइशी. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी पाच दिवस तोंड उघडायचे नाही असे सांगितले, आणि मंचप्रदर्शन बारा दिवसांवर! ते पाच दिवस ती पाटीवर लिहून बोलत होती आणि आमच्या घरातले चेहरे तिच्याकडे पाहून उतरले होते. परीक्षेला मी गेले होते. तिने मुलतानी गायिला. वरच्या षड्जावर आवाज किंचित थरथरला, पण तिने तो धरून ठेवला आणि समेवर उतरली. उत्तीर्ण झाली, गुणही बरे मिळाले. परंतु त्या एका थरथरीने आमच्या घराला नियम घालून दिले. परीक्षेच्या महिन्यात सकाळची फोडणी माझी. पाहुण्यांची फर्माइश आधी माझ्याकडे यायची. आणि सकाळी साडेपाच ते साडेसहा आतल्या खोलीचे दार लावलेले राहायचे, मग घरात दूध उतू गेले तरी तिला हाक मारायची नाही.

त्या साडेपाचच्या तासाबद्दल शेजारच्या बायांची मी येथे जाहीर आभारी आहे. त्या वेळी ती खर्जाचा अभ्यास करते. खालच्या सप्तकातला एकच सूर वीस-वीस मिनिटे. एका शेजारणीने मला फार प्रेमाने विचारले होते, "गाणे कधी सुरू होते हो त्यांचे?" त्यांना सांगितले की हेच ते. घराचा पाया भरतात तेव्हा भिंत कुठे दिसते? त्यांनी ते मानले, आणि आता एखाद्या सकाळी सूर आला नाही तर त्याच विचारतात, "बरे नाही का सूनबाईंना?"

आणखी एक प्रश्न येतो, तोही येथे बायकांतच बोलते. "लग्नाला दोन वर्षे झाली, आता गाणे पुरे, पाळणा कधी?" मी सांगते की विद्यापीठाची दोन वर्षे मोजलेली आहेत. पुढचे त्या दोघांनी ठरवावे. खंड पडला तर गळा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. शिवणयंत्र सहा महिने झाकून ठेवले तर तेल घालून चालते, गळा तसा नाही.

पोट भरण्याचे म्हणाल तर खोटी आशा मी दाखवणार नाही. मैफिली करून नाव मिळवणारे थोडेच. परंतु वाटा आहेत. एम.ए.ला पुरेसे गुण आणि पुढे 'नेट' परीक्षा झाली तर महाविद्यालयात शिकवता येते. शाळांतून संगीतशिक्षिका होता येते. आकाशवाणीची स्वरपरीक्षा देता येते. तिथे 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा श्रेणी असतात, आणि केंद्र तर आपल्या सांगलीत आहे. घरी वर्ग काढता येतो. यांतले काहीच आयते मिळत नाही, पण दुसऱ्या कोणत्या पदवीला तरी आयते मिळते?

सूनबाई मिरजेहून कोल्हापूरला रोज आगगाडीने जाते-येते. जेमतेम 50 किलोमीटर, पण पावसाळ्यात गाडी उशिरा आली की जीव टांगणीला लागतो. तेव्हा मी गंगूबाई हनगलांची गोष्ट आठवते. त्या सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला अशाच आगगाडीने जात. घर सांभाळून जात आणि लोकांची बोलणी ऐकत जात. त्यांचे शाळेतले शिक्षण पाचवीपर्यंतचे. आज म्हैसूरला संगीताचे जे विद्यापीठ आहे त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. पाचवी शिकलेल्या बाईच्या नावाचे विद्यापीठ! हे ऐकले तेव्हा सातवी शिकलेल्या मला फार बरे वाटले. मी गाणारी नव्हे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. पण गाणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभे राहण्याला कोणती इयत्ता लागत नाही.

आता दोन सूचना करते आणि थांबते. पहिली अशी की, आपले हे सभागृह सकाळी सहा ते आठ रिकामेच असते. ज्या मुलींच्या घरी जागा नाही त्यांना ते रियाझासाठी द्यावे. किल्ली मी सांभाळीन, झाडलोटही करवून घेईन. दुसरी अशी की, महिन्यातून एक संध्याकाळ आपण श्रोते व्हावे. मंचप्रदर्शनाची भीती घरातल्या आरशासमोर जात नाही, ती माणसांसमोर बसूनच जाते. मुलींनी अर्धा अर्धा तास गावे, आपण मुकाट्याने ऐकावे, आणि मध्ये भिशीचे पैसे मोजू नयेत. कौतुक करावे, चुकले तर गप्प राहावे. चूक दाखवायला विद्यापीठाचे परीक्षक आहेत.

कार्यकारिणीने या दोन सूचनांचा विचार करावा अशी विनंती आहे.